गाडीत स्वतःचा संगणक आणि टचस्क्रीन कसा बसवावा: नागपूरचं ऊन लक्षात घेऊन

गाडीत संगणक बसवताना सगळ्यात कमी त्रास संगणकच देतो. खरी परीक्षा वीज आणि उन्हाची. बंगळुरूच्या हवेत बनवलेल्या व्हिडिओंत वीज थोडीफार सांगतात, ऊन कोणीच सांगत नाही. आपल्याकडे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता आणि तो सावलीतला आकडा. वर्धा रोडवर उघड्यावर तासभर लावलेल्या गाडीच्या आत त्याहून वीस-एक अंश सहज जास्त होतात. खालची मांडणी हे धरूनच केली आहे.

आधी एक खरं सांगतो. फक्त गाणी, नकाशा आणि फोन एवढंच हवं असेल तर बाजारातला तयार अँड्रॉइड स्टिरिओ घ्या आणि सुटा. हा उद्योग त्यांच्यासाठी आहे ज्यांना इंजिनचे आकडे स्वतःच्या पद्धतीने पाहायचेत, पेंच-ताडोब्याकडे नेटवर्क गेल्यावरही चालणारे नकाशे हवेत किंवा हात शिवशिवतात म्हणून करायचंय. तिसरं कारणही पुरेसं आहे.

काय काय लागेल

रास्पबेरी पाय ४ (तळहातावर मावणारा एका बोर्डाचा संगणक), चार जीबीचा. पाय ५ वेगवान आहे, पण तो ५ व्होल्टवर ५ अँपिअरचा पुरवठा मागतो, जास्त तापतो आणि त्यावर हेडफोनचं छिद्रही नाही. गाडीसाठी चारच बरा. स्क्रीन सात इंची, एचडीएमआयची, टच यूएसबीवर चालणारी. रास्पबेरीची स्वतःची स्क्रीन चपट्या रिबनने जोडावी लागते आणि ती रिबन आखूड असते. मग संगणकही डॅशबोर्डमध्येच, म्हणजे सर्वांत तापणाऱ्या जागी, बसवावा लागतो. एचडीएमआय केबल दोन मीटरची असली तरी चालते, त्यामुळे संगणक दूर थंड जागी ठेवता येतो. स्क्रीन घेताना उजेडाचा आकडा विचारा. साध्या स्क्रीनचे तीनशे-चारशे निट्स दुपारी उपयोगाचे नाहीत, आठशेच्या वर पाहा.

याशिवाय यूएसबी जीपीएस, गाडीच्या १२ व्होल्टचे पाच करणारा कन्व्हर्टर, एक डिले-ऑफ रिले (चावी बंद झाल्यावर ठरवलेल्या वेळाने वीज तोडणारा स्विच), एक ऑप्टोकपलर मॉड्यूल (त्याचं काम पुढे येईल), ५ अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट आणि मल्टिमीटर लागेल. सुटे भाग बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) एका फेरीत मिळाले नाहीत तर ऑनलाइन मागवा. फक्त कन्व्हर्टर स्वस्तातला घेऊ नका.

वीज: इथे घाई नको

गाडीचे १२ व्होल्ट कागदावरचे असतात. इंजिन चालू असताना अल्टरनेटर १४ च्या आसपास देतो, सेल्फ मारताना क्षणभर ८-९ किंवा त्याखालीही जातात. रास्पबेरीला मात्र ५ व्होल्ट स्थिर हवेत. ४.६३ च्या खाली गेलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते आणि संगणक मंदावतो. पन्नास-शंभर रुपयांत मिळणाऱ्या निळ्या कन्व्हर्टर बोर्डांवर बहुधा एलएम२५९६ चिप असते. ती कागदावर ३ अँपिअरची, तीही थंड असताना. संगणक आणि स्क्रीन मिळून पाच व्होल्टवर ४-५ अँपिअर ओढतात. त्यामुळे इपॉक्सीत बंद केलेला, सेल्फच्या वेळी पडणाऱ्या व्होल्टेजवरही चालणारा, ५ व्होल्ट १० अँपिअरचा कन्व्हर्टर घ्या. तो संगणकाच्या शेजारीच बसवा, कारण पाच व्होल्टची बारीक लांब तार रस्त्यातच व्होल्टेज खाते. १२ व्होल्टची तार लांब गेली तरी चालेल.

आता जोडणी. आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि काही मिनिटं थांबा. डॅशबोर्डमध्ये पिवळ्या आवरणाची किंवा पिवळ्या कपलरची तार दिसली तर ती एअरबॅगची समजा आणि हातही लावू नका.

जुना म्युझिक सिस्टिम पुढे ओढला की मागच्या कपलरमध्ये लागणाऱ्या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात: कायम चालू असणारे १२ व्होल्ट (बहुतेकदा पिवळी तार), चावीबरोबर येणारी एसीसी (बहुतेकदा लाल) आणि अर्थ (काळी). ‘बहुतेकदा’ वर भरवसा ठेवू नका. कंपनीगणिक रंग बदलतात, काही गाड्यांत लाल-पिवळीची अदलाबदल असते, आणि जुन्या गाडीत आधीच्या मालकाच्या वायरमनने काय केलंय कोण जाणे. आपल्याकडचा कुठलाही जुना ऑटो इलेक्ट्रिशियन हेच सांगेल: ‘भाऊ, रंग पाहून जोडू नको, मीटर लावून पाह्य.’ बॅटरी परत जोडून, चावी काढलेली, एसीसीवर आणि इंजिन चालू, अशा तिन्ही अवस्थांत मोजा. मग टर्मिनल पुन्हा काढा. तार कापण्याऐवजी मधला जोड-कपलर वापरा. गाडी वॉरंटीत असेल तर हा मुद्दा जास्तच महत्त्वाचा.

क्रम असा: कायम १२ व्होल्टची तार, ५ अँपिअरचा फ्यूज, डिले-ऑफ रिले, कन्व्हर्टर, संगणक आणि स्क्रीन. १२ व्होल्टच्या बाजूला सव्वादोन-अडीच अँपिअरच जातात, त्यामुळे हा फ्यूज पुरतो आणि तो तारेच्या सुरुवातीलाच बसवायचा. संगणक जोडण्याआधी कन्व्हर्टरच्या तोंडाशी ५ ते ५.२ व्होल्ट दिसतात का पाहा. तारांवर नागमोडी प्लॅस्टिकचा पाइप चढवा. पार्किंगमधले उंदीर तुमच्या छंदाची कदर करत नाहीत.

एसीसीची तार दोन ठिकाणी जाते: रिलेच्या ट्रिगरला आणि ऑप्टोकपलरला. ऑप्टोकपलर का, तर रास्पबेरीच्या पिना ३.३ व्होल्टपुरत्याच असतात, तिथे १२ गेले की बोर्ड संपला. ऑप्टोकपलर प्रकाशाने इशारा पोचवतो, वीज पलीकडे जात नाही.

बंद होण्याची सोय

चावी काढली की वीज तोडायची, असं केलं तर मेमरी कार्ड आज ना उद्या बिघडतं. वीज कायम ठेवली तर बॅटरी जाते. रिकामा बसलेला संगणक तीन वॉट खातो म्हटलं तरी दिवसाला सहा अँपिअर-अवर होतात, आणि छोट्या गाडीची बॅटरी पस्तीसच्या आसपास असते. चार दिवस गावाला जाऊन आलात की सकाळी धक्का मारायला माणसं शोधा.

म्हणून रिलेचा वेळ एक मिनिटावर ठेवा. संगणकावर छोटी स्क्रिप्ट लिहा: एसीसीचा इशारा गेला की पंधरा सेकंद थांब, तरीही आला नाही तर नीट बंद हो. थांबायचं कारण असं, की सेल्फ मारताना बऱ्याच गाड्यांत एसीसी क्षणभर जाते. लगेच बंद होण्याची सूचना दिली तर गाडी सुरू होताना संगणक बंद पडेल. संगणक बंद होत असतानाच चावी परत फिरवली तर मात्र तो अडकून बसतो, कारण रिलेने वीज धरून ठेवलेली असते. अशा वेळी चावी काढून पूर्ण मिनिटभर थांबायचं.

यावर लिथियम बॅटरीचा यूपीएस बोर्ड लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) बंद गाडीत लिथियमचे सेल ठेवणं मला पटत नाही. रिले साधा आहे आणि पेटत नाही.

शिवाय सेटिंगमधून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा. मग कार्डवर काही लिहिलंच जात नाही आणि अचानक वीज गेली तरी नुकसान होत नाही. सगळं मनासारखं झाल्यावरच ती चालू करा, नाहीतर प्रत्येक बदल पुसला जाईल. गाणी आणि नकाशे वेगळ्या पेन ड्राइव्हवर.

कुठे बसवायचं

संगणक ८० अंशांना वेग कमी करायला लागतो. डॅशबोर्डचा वरचा भाग दुपारी पापड भाजावा असा तापतो, त्यामुळे तिथे नाही. सीटखाली बरं, पण मॅटवर ठेवू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी ओसंडला तेव्हा उभ्या गाड्यांत पाणी शिरलं होतं, आणि एरवीही पावसात पायाशी ओल असतेच. ग्लव्ह बॉक्सच्या मागे-खाली कंसावर, अॅल्युमिनियमच्या केसमध्ये, ही जागा मला सर्वांत योग्य वाटते. एसीच्या गार हवेच्या थेट झोतात नको, पाणी सुटतं.

स्क्रीनची चौकट थ्रीडी प्रिंट करून घेणार असाल तर दुकानदाराला आधी सांगा: पीएलए प्लॅस्टिक नको. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणजे मे महिन्यात तुमची चौकट झुकलेली असेल. एएसए किंवा एबीएस मागा. दुहेरी टेपच्या भरवशावरही स्क्रीन लावू नका, स्क्रू हवेत. जागा मधोमध आणि खालच्या बाजूला: काचेतून रस्ता दिसण्यात आडवी नको, प्रवाशाच्या एअरबॅगच्या झाकणावर तर मुळीच नको. उभ्या गाडीत काचेला चांदीरंगी पडदा लावायची सवय ठेवा.

सॉफ्टवेअर आणि बाकीचं

हा भाग लवकर होतो. रास्पबेरी पाय ओएस, गाण्यांसाठी कोडी, ओपनस्ट्रीटमॅपचे ऑफलाइन नकाशे दाखवायला नॅव्हिट. पाय ४ ला स्वतःचं घड्याळ नाही, नेटवर्क नसलं की तारीख चुकते. जीपीएसवरून वेळ घ्यायला सांगा.

आवाज जुन्या स्टिरिओच्या ऑक्सला द्या. एक्सलरेटरबरोबर चढणारी बारीक शिट्टी ऐकू आली तर तो ग्राउंड लूप (दोन यंत्रांच्या अर्थमधून शिरणारा आवाज), ऑक्सच्या मध्ये आयसोलेटर लावा. इंजिनचे आकडे ब्लूटूथच्या ओबीडी अडॅप्टरने (गाडीच्या निदान-सॉकेटमधून आकडे वाचणारं यंत्र) मिळतात, तो स्टेअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये बसतो. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर कूलंटचं तापमान आकड्यात दिसणं, एवढ्यासाठीही हा सगळा खटाटोप वसूल होतो. गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर अडॅप्टर काढून ठेवा, त्या सॉकेटला कायम वीज असते.

रिव्हर्स कॅमेरा मात्र या संगणकाला जोडू नका. संगणक सुरू व्हायला वीस-तीस सेकंद घेतो आणि तुम्ही तोवर गेटबाहेर निघालेले असता. आणि गाडी चालत असताना व्हिडिओ दिसणार नाही अशी सोय स्क्रिप्टमध्येच करा. जीपीएसचा वेग पाच किलोमीटरच्या वर गेला की फक्त नकाशा.

शेवटची तपासणी बॅटरीपाशी. सगळं बंद करून, दारं लावून, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. मग निगेटिव्ह टर्मिनल काढून मल्टिमीटर दहा अँपिअरच्या खुणेवर मधे जोडा. जोडताच गाडीतली यंत्रं क्षणभर जागी होतात, म्हणून आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. तो ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. दोनशे-तीनशे दिसले तर रिले सुटत नाहीये, त्याची ट्रिगरची तार पुन्हा पाहा. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.