नैरोबीतील पहिले वर्ष : वसईहून मिशनकार्यासाठी निघणाऱ्यांसाठी

वसईच्या पट्ट्यातून मिशनकार्यासाठी परदेशी जाणाऱ्या धर्मभगिनी आणि धर्मगुरू आता नवलाचे राहिलेले नाहीत. तरीही निघण्याआधी भेटायला येणाऱ्या प्रत्येकीचा प्रश्न ठरलेला असतो, की तिथे गेल्यावर शिकवायचे काय. नैरोबीच्या एका धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या पॅरिशमध्ये, नऊ वर्षे काढून आल्यावर मी त्यांना सांगते, की पहिले वर्षभर तुम्हालाच शिकवले जाईल आणि ते निमूटपणे शिकून घेणे एवढेच तुमचे काम असेल.

कागदपत्रांचे आधी सांगते, कारण तो भाग रुक्ष असला तरी टाळता येत नाही. केनियात धार्मिक आणि सेवाकार्यासाठी येणाऱ्यांना वेगळ्या वर्गाचा काम-परवाना लागतो. त्याची खटपट तुम्हाला बोलावणारी तिथली संस्था करते, पण प्रमाणपत्रे वेळेवर पोचवणे तुमच्या हाती असते. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी आणि तिचे पिवळे कार्ड पासपोर्टइतकेच जपावे, कारण केनियाहून भारतात परतताना ते जवळ नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात जाण्याची पाळी येऊ शकते, आणि घरची माणसे बाहेर ताटकळत उभी असताना ते फार जिवावर येते. स्वेटर दोन घ्यावेत. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर उंचीवर आहे. विषुववृत्ताजवळचे शहर म्हणून केवळ सुती कपड्यांनिशी उतरलेली वसईची मुलगी जुलैत काकडून जाते.

रस्त्यावर पाऊल टाकले की तुम्ही मिशनरी नसता, ‘मुहिंदी’ असता. मुहिंदी म्हणजे भारतीय, आणि भारतीय म्हणजे दुकानदार, हे समीकरण तिथे पक्के आहे. त्याला इतिहास आहे. मोंबासा बंदरातून आत जाणारा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला तेव्हा सुमारे ३२ हजार मजूर भारतातून नेले गेले. नैरोबी शहरच १८९९ मध्ये त्या मार्गावरचे ठाणे म्हणून उभे राहिले. मजुरांपैकी काही जण तिथेच राहिले, त्यांच्यामागून व्यापारीही आले, आणि २०१७ मध्ये सरकारने तिथल्या भारतीय वंशाच्या समाजाला देशातली ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. त्यामुळे गळ्यात क्रूस असूनही मला सिमेंटच्या पोत्याचा भाव विचारला गेला आहे, आणि भारतात ख्रिस्ती असतात का, हा प्रश्न तर चर्चच्या दारातच कितीदा आला. राग मानू नये. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनी जपानात व्यापार केला होता. तिथे अंगवळणी पडलेली जपानी भाषा पुढे फ्रान्सिस्कन संघाच्या संन्याशांचे दुभाषे म्हणून त्यांच्या कामी आली आणि १५९७ मध्ये नागासाकीला ते श्रद्धेसाठी प्राण देऊन रक्तसाक्षी झाले. दुकानदार समजले जाण्यात वसईकराला तरी कमीपणा वाटायला नको.

भाषा मात्र पहिल्या दिवसापासून धरावी. नैरोबीत इंग्रजीवर भागते, आणि तीच खरी अडचण आहे, कारण ज्यांचे इंग्रजीवर भागत नाही त्यांच्याकडेच आपल्याला जायचे असते. ‘दुका’, ‘गारी’, ‘चाय’, ‘रंगी’ हे स्वाहिली शब्द ऐकून धीर येतो खरा, पण व्याकरण लगेच जागेवर आणते : आपले अनेकवचन शब्दाच्या शेवटी कळते, त्यांचे आरंभी. ‘म्तोतो’ म्हणजे मूल आणि ‘वातोतो’ म्हणजे मुले.

घड्याळाने तर माझी पुरती फजिती केली. तिथे दर आठवड्याला शेजारची काही कुटुंबे एकेकाच्या घरी जमून बायबलवाचन आणि प्रार्थना करतात. या गटाला ‘जुमुईया’ म्हणतात आणि धर्मग्रामाचा सगळा कारभार त्याच्यावर उभा असतो. मला निरोप आला, शनिवारी ‘सा तातू’. तातू म्हणजे तीन, एवढे मला येत होते. मी दुपारी तीनला पोचले तेव्हा प्रार्थना सकाळी नऊलाच होऊन गेली होती आणि भांडी घासून पालथी घातलेली होती. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सात वाजले की त्यांचा एक वाजतो. आपल्याकडेही प्रहर सूर्योदयापासूनच मोजत, पण ते मला आठवले परतीच्या वाटेवर. घरच्या आजींनी मात्र एक शब्द न बोलता चहा टाकला.

बाकीचे हळूहळू जमते. रविवारची मिस्सा दोन तास चालते, अर्पणाच्या वेळी केळी, पीठ, क्वचित जिवंत कोंबडीही नाचत-गात वेदीपर्यंत येते, आणि पहिल्या महिन्यातच वरचेवर घड्याळ बघण्याची सवय सोडावी लागते. भाजीपासून दानापर्यंत पैसे मोबाईलवरून एम-पेसाने दिले जातात. ही सोय तिथे २००७ पासून आहे. मातातू, म्हणजे तिथली खाजगी मिनीबस, पाऊस आला की भाडे वाढवते, म्हणून बसण्याआधी विचारून घ्यावे. वर्षभर साडेसहाच्या सुमारास अंधार पडतो. त्याआधी कॉन्व्हेंटमध्ये परतण्याचा नियम मला जाचक वाटला होता, तो पुढे मीच नव्या मुलींना घालून दिला.

जेवणात मक्याच्या पिठाची घट्ट ‘उगाली’ आणि ‘सुकुमा विकी’ नावाची पालेभाजी रोज असते. माशांवाचून जीव कासावीस झाला तर ‘ओमेना’ शोधावी. व्हिक्टोरिया सरोवरातली ही इवलीशी सुकी मासळी कांदा-टोमॅटोत परतली की सुकटीची आठवण देते. सकाळची ‘उजी’ ही पेज बहुधा नाचणीची असते. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, तिथूनच ती फार पूर्वी आपल्याकडे आली, हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हते. एकदा त्याच आजींच्या कोळशाच्या शेगडीवर मी नाचणीची भाकरी थापून भाजली, काहीशा ऐटीतच. त्यांनी तुकडा मोडला, मीठ कमी आहे म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उजीत गुठळी न होऊ देता पीठ कसे ढवळायचे ते दाखवायला आमच्या स्वयंपाकघरात हजर झाल्या.