छोट्या गोल्फ क्लबमध्ये मुलामुलींची सदस्यसंख्या कशी वाढवावी

सदस्यांनीच आपापला वेळ देऊन चालवलेल्या छोट्या गोल्फ क्लबच्या बैठकीत नव्या पिढीचा विषय निघाला की चर्चा बहुधा शुल्क किती कमी करायचे यावरच अडते. शुल्काचा प्रश्न खरा आहे, पण तो नंतरचा आहे. कोल्हापुरात मुलगा तालमीत जातो तो गल्लीतल्या एखाद्या थोरल्या मुलाचे बोट धरून. तो चार-सहा महिने तिथे रमतो आणि मग आपोआप तिथलाच होऊन जातो. गोल्फ क्लबनेही हाच क्रम धरावा आणि सदस्यत्वाचा अर्ज सर्वांत शेवटी पुढे करावा, असे माझे ठाम मत आहे.

सर्वप्रथम माणूस ठरवावा. क्लबमधला सर्वोत्तम खेळाडूच यासाठी हवा असे नाही. जो दर रविवारी न चुकता येईल आणि ज्याला मुलांचा कंटाळा येत नाही, असा एक सदस्य प्रमुख आणि दुसरा त्याचा जोडीदार म्हणून नेमावा. मैदानावर मुलांसोबत कायम दोन प्रौढ व्यक्ती असाव्यात आणि मुली येणार असतील तर त्यांपैकी एक महिला असावी. पालकांचे लेखी संमतिपत्र, तातडीच्या संपर्काचा क्रमांक आणि बालकांच्या संरक्षणासाठीच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याची स्वयंसेवकांना माहिती, या गोष्टी पहिल्या दिवसाआधीच पूर्ण कराव्यात.

त्याच बैठकीत वेळेचा ठराव करून घ्यावा. रविवारी सकाळी सात ते साडेआठ या वेळात सरावाचे ग्रीन (बारीक कापलेल्या गवताचा, होल असलेला भाग) आणि मैदानावरची पहिली दोन-तीन होल्स, म्हणजे खेळाचे टप्पे, मुलांची राहतील आणि त्या वेळेत ज्येष्ठ सदस्य तिथे खेळणार नाहीत, हे कागदावर यायला हवे. ठराव नसला की मागून चार ज्येष्ठांचा गट येतो, मुलांना बाजूला व्हायला सांगितले जाते आणि पुढच्या रविवारी निम्मी मुले येत नाहीत.

उपक्रम दिवाळीची सुट्टी संपताच सुरू करावा. तेव्हा मैदान वाळलेले असते, हवा चांगली असते आणि दहावी-बारावीच्या परीक्षांपूर्वी सलग काही आठवडे मिळतात. त्यानंतरची संधी एप्रिलमध्ये, वार्षिक परीक्षा संपल्यावर येते. जूननंतर कोल्हापूरचा पाऊस मैदानावर पाय ठेवू देत नाही, म्हणून त्या महिन्यांत एखाद्या सभागृहात सतरंजीवर पटिंग (चेंडू जमिनीवरून घरंगळत होलमध्ये घालणे) आणि नियमांचे वर्ग घ्यावेत. खंड पडू देऊ नये.

मुले कोठून आणायची? आधी सदस्यांच्या घरांतून, आणि त्याच वेळी मैदानावरच्या माळ्यांच्या व कॅडींच्या (खेळाडूंच्या स्टिक वाहणाऱ्यांच्या) घरांतून. 2016 आणि 2017 अशी सलग दोन वर्षे इंडियन ओपन जिंकणारे एस. एस. पी. चौरासिया हे कोलकात्याच्या मैदानावरील ग्रीनकीपरचे, म्हणजे मैदान राखणाऱ्या माळ्याचे, चिरंजीव आहेत, एवढे उदाहरण पुरेसे आहे. त्यानंतर जवळच्या एक-दोन शाळांच्या क्रीडाशिक्षकांना प्रत्यक्ष भेटून एकाच वर्गाला निमंत्रण द्यावे. मैदान शहराबाहेर असेल तर ने-आण हीच सर्वांत मोठी अडचण ठरते, त्यामुळे सदस्यांनी आपल्या गाड्यांतून मुलांना एका ठरावीक ठिकाणाहून आणण्याची पाळी लावावी. ‘हा श्रीमंतांचा खेळ’ असे पालक म्हणतील. त्यांना नेमबाजीची आठवण करून द्यावी: तोही खर्चिक खेळ, पण 2010 मध्ये तेजस्विनी सावंत जगज्जेत्या झाल्या, 2018 मध्ये राही सरनोबत यांनी आशियाई सुवर्ण जिंकले आणि 2024 मध्ये स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसहून ऑलिंपिक पदक आणले, ते याच कोल्हापूर जिल्ह्यातून.

पहिल्या दिवशी मुलांना लांब फटका शिकवू नये. चेंडू ज्यात पाडायचा त्या होलचा, म्हणजे खड्ड्याचा, व्यास अवघा 108 मिलिमीटर असतो. त्याच्याभोवती एका पावलावर पाच चेंडू गोलाकार मांडावेत आणि पाचही आत गेले की वर्तुळ आणखी एक पाऊल मोठे करावे. चेंडू आत पडल्याचा आवाज दहा वर्षांच्या मुलाला जे शिकवतो, ते तासभर व्याख्यान देऊनही शिकवता येत नाही. पटिंगनंतर चिपिंग (ग्रीनजवळून चेंडू थोडा उचलून मारणे) आणि तिसऱ्या-चौथ्या रविवारी अर्धा स्विंग (स्टिक अर्ध्यापर्यंत मागे नेऊन मारलेला फटका), असे होलपासून मागे मागे यावे. फटके मारताना सर्वांनी एका रेषेत, पुरेसे अंतर ठेवून उभे राहावे; सर्वांचे मारून झाल्यावरच आणि खूण मिळाल्यावरच चेंडू गोळा करायला पुढे जावे. या शिस्तीत सूट देऊ नये.

नियमानुसार खेळाडूला 14 स्टिक बाळगता येतात, पण नवशिक्या मुलाला पटिंगसाठी पटर, मधल्या अंतरासाठी सात नंबरचे आयर्न आणि जवळून चेंडू उचलण्यासाठी एक वेज एवढ्या तीनच पुरतात. मोठ्यांच्या जुन्या स्टिक कापून देऊ नयेत, कारण लांबी कमी झाली तरी डोक्याचे वजन तेच राहते, दांडा आणखी ताठ होतो आणि मुलाचा स्विंग बिघडतो. मुलांच्या मापाचे काही संच क्लबने देणगीतून घ्यावेत आणि वहीत नोंद करून घरी न्यायला द्यावेत.

दोन महिने नियमित येणाऱ्या मुलाच्या पालकांसमोर मगच कनिष्ठ सदस्यत्वाचा अर्ज ठेवावा. मूल 18 वर्षांखालील असल्याने सही पालकांची लागेल. ही सदस्यत्वाची श्रेणी क्लबच्या घटनेत नसेल तर सर्वसाधारण सभेत दुरुस्ती मंजूर करून ती रीतसर नोंदवावी. सदस्य झालेल्या मुलाला लगेच हँडिकॅप, म्हणजे खेळाडूचा दर्जा दाखवणारा आकडा, मिळवून द्यावा; खेळ सुधारला की तो कमी होतो. 2020 पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत तो 54 पर्यंत असू शकतो आणि पूर्ण अठराऐवजी नऊ होलचे गुणही धरले जातात, त्यामुळे नवशिकेही त्यात बसतात. स्वतःचा आकडा उतरताना पाहणे हे मुलांना टिकवणारे सर्वांत मोठे कारण आहे.

बहुतेक क्लबांची गळती मात्र अठराव्या वर्षी होते. मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्याला जातात आणि पूर्ण शुल्काचे पत्र आले की नाव कमी करतात. म्हणून 18 ते 25 या वयासाठी बाहेरगावच्या सदस्यांची नाममात्र शुल्काची श्रेणी त्याच घटनादुरुस्तीत घालून घ्यावी आणि गणपती-दिवाळीला घरी येणाऱ्या या तरुणांसाठी सुट्टीतल्या एका रविवारी लहान मुलांसोबत जोडीने खेळण्याची स्पर्धा ठेवावी.