जुन्या बाजारपेठेतली बिल्डिंग वाचायची कशी

आधी आत जाऊ नका, समोरच्या फुटपाथवर उभं राहून वर बघा, कारण तळमजल्याची दुकानं दर काही वर्षांनी तोंड बदलतात पण वरच्या मजल्यांना कोणी सहसा हात लावत नाही, त्यामुळे मूळच्या खिडक्या, कमानी, कॉर्निस (भिंतीच्या माथ्याची पुढे आलेली नक्षीदार पट्टी) तिथेच सापडतात. मग खाली या. बिडाचे खांब असतील तर त्यांच्या पायथ्याशी वाकून बघा, ओतणाऱ्या फाउंड्रीचं नाव बऱ्याचदा तिथे कोरलेलं असतं (लोक बघतील, बघू देत). बाजूच्या भिंतीवर पुसट रंगातली जाहिरात दिसली तर फोटो काढाच, जुना भाडेकरू तिथेच सापडू शकतो.

लिफ्टच्या आधी वरचे मजले स्वस्त असायचे, छपराला उजेडासाठी काच असेल तर फोटो स्टुडिओ असण्याची शक्यता धरा. न्यूयॉर्कच्या हॉवट बिल्डिंगमध्ये १८५७ साली लिफ्ट बनवणाऱ्या ओटिसची पॅसेंजर लिफ्ट बसली, आणि तिथे दुकान होतं चिनी मातीच्या भांड्यांचं!

जुन्या भाडेकरूंच्या नावांसाठी जुन्या सिटी डिरेक्टरी (शहरातल्या लोकांच्या, दुकानांच्या नाव-पत्त्यांच्या याद्या) वर्षावार चाळा. अमेरिकेत सॅनबॉर्न कंपनीचे फायर इन्शुरन्स नकाशेही (आगीचा धोका कळावा म्हणून विमा कंपन्यांसाठी काढलेले) बघा, त्यात गुलाबी म्हणजे वीट, पिवळा म्हणजे लाकूड. घरनंबर मधेच बदललेत का तेवढं आधी तपासा, नाहीतर शेजारच्याचा इतिहास लिहून बसाल.