क्यूबचा शेवटचा थर पटकन सोडवायचाय? या चुका टाळा

रुबिक क्यूबचे खालचे दोन थर लागले की आता फक्त बोटं भराभर चालवायची, असं शिकणाऱ्या बहुतेकांना वाटतं. पण शेवटच्या थरात वेळ खातं ते थांबणं. एकदा सोडवताना मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि हात कुठे स्थिर होतात तेवढंच बघा. नमुना ओळखायला, क्यूब फिरवून बघायला, पुढचा अल्गोरिदम (चालींचा ठरलेला क्रम) आठवायला लागणारे क्षण एकत्र केले, तर ते प्रत्यक्ष फिरवण्याच्या वेळेपेक्षा जास्त भरलेले दिसतात. इथल्या जवळजवळ सगळ्या चुकांचं मूळ त्या थांबण्यात आहे.

७८ अल्गोरिदम एकदम पाठ करायला घेणं

जेसिका फ्रिड्रिच यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत शेवटच्या थराचे दोन टप्पे आहेत. आधी वरची बाजू पूर्ण पिवळी करायची, हा ओएलएल. त्याचे ५७ प्रकार. मग तुकडे आपापल्या जागी न्यायचे, हा पीएलएल, त्याचे २१. ही यादी वरून खाली पाठ करत गेलात की पुढचं येईपर्यंत मागचं विसरतं, आणि धड काहीच हातात बसत नाही.

प्रत्येक टप्पा दोन घासांत घ्या. ओएलएलसाठी आधी पिवळा क्रॉस (३ प्रकार), मग कोपरे (७ प्रकार). पीएलएलसाठी आधी कोपरे (२), मग कडा (४). एकूण १६ अल्गोरिदमांत कुठलाही क्यूब सुटतो. हे पक्के झाले की आधी पीएलएल पूर्ण करा आणि ५७ च्या मागे नंतर लागा, असं माझं ठाम मत आहे. पीएलएलचे सहा तुम्हाला आधीच येत असतात, उरतात फक्त पंधरा. शिवाय पीएलएल आपोआप सुटून येण्याची शक्यता ७२ पैकी १, म्हणजे शिकलेलं जवळपास प्रत्येक वेळी उपयोगी पडतं.

अल्गोरिदम बरोबर, धरणं चुकीचं

"अल्गोरिदम अगदी बरोबर केला तरी सुटत नाही" ही तक्रार नेहमी ऐकू येते, आणि दोष बहुधा धरण्यातच सापडतो. क्रॉसचंच बघा. (एफ म्हणजे पुढची, आर म्हणजे उजवी आणि यू म्हणजे वरची बाजू घड्याळाच्या दिशेने पाव फेरी; प्राइम म्हणजे तीच उलट्या दिशेने.) पिवळ्या कडांची सरळ रेघ असेल तर ती आडवी धरून एफ, आर, यू, आर प्राइम, यू प्राइम, एफ प्राइम. रेघ उभी धरली तर क्रॉस होणार नाही. काटकोन असेल तर त्याच्या दोन पिवळ्या कडा मागे आणि डावीकडे ठेवा, आणि मधल्या चालींचा क्रम बदला: एफ, यू, आर, यू प्राइम, आर प्राइम, एफ प्राइम. काटकोनालाही रेघेचाच अल्गोरिदम लावायची सवय अनेकांना असते. त्याने काटकोनाची रेघ होते आणि तोच अल्गोरिदम पुन्हा करावा लागतो. क्यूब सुटतो, पण फुकटचे सेकंद जातात.

दुसरी जागा म्हणजे कोपरे पिवळे करणारा, सून नावाचा अल्गोरिदम: आर, यू, आर प्राइम, यू, आर, यू दोनदा, आर प्राइम. क्रॉस झालाय आणि वर एकच कोपरा पिवळा आहे, तर तो कोपरा पुढे-डावीकडे आणा. मग पुढे-उजवीकडच्या कोपऱ्याचं पिवळं स्टिकर बघा. ते तुमच्याकडे तोंड करून असेल तर सून. उजवीकडे वळलेलं असेल तर तो उलटा प्रकार, अँटीसून. हे एक स्टिकर न बघता सून सुरू करणारे पुष्कळ आहेत.

फक्त अक्षरं पाठ करणं

अल्गोरिदम मधेच अडकला की पूर्ण क्यूब बिघडतो आणि खालचे थर पुन्हा लावावे लागतात. यावर उपाय म्हणजे चाली म्हणताना तुकडे कुठे जातात ते डोळ्यांनी बघायचं. सून अगदी सावकाश करा आणि पुढे-उजवीकडे खाली बसलेल्या जोडीवर, म्हणजे कोपरा आणि त्याच्या वरची कड यांच्यावर, नजर ठेवा. पहिल्या तीन चालींत ती जोडी एकत्रच वर येते आणि पुढच्या डाव्या कोपऱ्यात बसते. पुढच्या यूने मागे सरकते, मग यू दोनदा फिरला की उजवीकडे येते आणि शेवटच्या आर प्राइमने आपल्या घरात परत जाते. हे एकदा दिसलं की मधे अडखळलात तरी आपण कुठे आहोत ते कळतं. टी-पर्मसारखे (पीएलएलच्या प्रकारांना अशी अक्षरांवरून 'पर्म' नावं आहेत) लांब अल्गोरिदमही असेच तुकडे पाडून शिका. त्याची सुरुवात आर, यू, आर प्राइम, यू प्राइम या ओळखीच्या चौकडीनेच होते.

जे आणि आर पर्मच्या जोड्या किंवा चारही जी पर्म एकाच दिवशी शिकू नका. ते एकमेकांत हमखास मिसळतात.

पीएलएल ओळखायला चारही बाजू फिरवून बघणं

आधी हेडलाइट्स शोधा, म्हणजे एकाच बाजूला दोन्ही कोपऱ्यांवर एकच रंग. चारही बाजूंना हेडलाइट्स असतील तर कोपरे झालेत, फक्त कडा उरल्या. एकाच बाजूला असतील तर शेजारच्या कोपऱ्यांची अदलाबदल. ती बाजू डावीकडे धरून टी-पर्म. कुठेच नसतील तर समोरासमोरच्या कोपऱ्यांची अदलाबदल, म्हणजे वाय-पर्म. शेजारची अदलाबदल ६ पैकी ४ वेळा येते, म्हणून सराव आधी तिचा. हे ठरवायला लगतच्या दोन बाजू पुरतात, आणि त्या क्यूब जरासा तिरका धरला की एकदम दिसतात.

कडांच्या यू-पर्ममध्ये दिशा चुकली तर घाबरू नका. तीन कडा एकाच गोल फेऱ्यात फिरतात, त्यामुळे तसाच धरून तोच अल्गोरिदम पुन्हा केला की क्यूब सुटतो. पण शर्यतीत ही सोय महाग पडते, म्हणून दोन्ही दिशा वेगवेगळ्या शिका.

मनगटाने फिरवणं आणि शेवटची चाल विसरणं

वरचा थर उजव्या आणि डाव्या तर्जनीने ढकला. पकड बदलावी लागते तिथे अल्गोरिदमचा दुसरा प्रकार शोधा. पीएलएल झाल्यावर वरचा थर कुठल्या बाजूला फिरवायचा हे अल्गोरिदम संपण्याआधीच दिसायला हवं. स्पर्धेत एक चाल राहिलेली असताना टायमर थांबवलात तर २ सेकंदांचा दंड बसतो.

क्यूबच सुटण्यासारखा नसेल तर

वर पिवळ्या कडा नेहमी शून्य, दोन किंवा चार असतात. एक किंवा तीन दिसल्या, शेवटी एकच कोपरा वळलेला राहिला, किंवा फक्त दोनच तुकडे अदलाबदल झालेले दिसले, तर आधी खालचे थर नीट तपासा. ते बरोबर असतील तर क्यूब चुकीचा जोडलाय किंवा त्याचा एखादा कोपरा वळलाय. सुटा करून कसाही जोडलेला क्यूब १२ पैकी एकदाच सुटण्याजोगा असतो. वळलेला कोपरा बऱ्याच क्यूबांत बोटांनी जागच्या जागी फिरवता येतो. कड उलटी असेल तर वरचा थर ४५ अंश फिरवा, कडेचा तुकडा अंगठ्याने हळूच उचलून काढा आणि उलटा करून परत बसवा.