भर मे महिन्यात ऑइल टेंपरेचर -४०! (माझा अनुभव)

दारव्ह्याकडे ४४ डिग्री ऊन अन् माझ्या डिझेल गाडीच्या डिस्प्लेवर ऑइल टेंपरेचर -४०, चेक इंजिन लाइट चालू, स्कॅनरवर पी०१९८ कोड (ऑइल टेंपरेचर सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त). ऑइल-फिल्टर बदलून झालं, बॅटरीची वायर काढून लावली, कोड दोनदा क्लिअर केला, पुन्हा तेच. एका मेकॅनिकनं तर पूर्ण वायरिंग बदलायले सांगितली, डोकं फिरलं राव.

मग घरीच कोठ्यासमोर मल्टिमीटर काढला. इंजिन थंड असताना सेन्सरचा दोन पिनचा कनेक्टर काढला, नुसती चावी ऑन करून वायरिंगकडच्या पिनांत व्होल्ट पाहिले तर ५, म्हणजे सप्लाय बरोबर. चावी बंद, त्याच दोन पिना बारीक तारेनं जोडल्या (भलत्या पिनेले तार लावू नका), चावी ऑन, तर आकडा -४० वरून एकदम वरच्या टोकाले! म्हणजे वायरिंग ठीकच. मग सेन्सरवर ओहम (रेझिस्टन्स) पाहिला, ओपन, आकडाच नाही, म्हणजे सेन्सरच आतून तुटलेला.

हा सेन्सर तापला की ओहम कमी होतो, म्हणून नवा आणल्यावर आधी चहाच्या गंजात उकळत्या पाण्यात नुसतं टोक बुडवून पाहिलं, सरसर उतरला. नवीन वॉशर टाकून बसवला, चमचाभर ऑइल सांडते, खाली चिंधी ठेवा. कोड क्लिअर केला, नेरपर्यंत जाऊन आलो, ९५ वर स्थिर.