एचआरचा पहिला फोन येणारे? आधी एक कागद घ्या

नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल अपडेट केलं की फोन सुरू होतात, आणि ते हमखास तुम्ही बाइकवर असताना नाहीतर घरात कुकरच्या शिट्ट्या चालू असतानाच येतात. मी पहिला असा फोन हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये हेल्मेट वर सरकवून घेतला होता, बाईंनी सीटीसी (म्हणजे कंपनीला आपल्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च) विचारला आणि मी इनहँडचा, म्हणजे हातात पडणाऱ्या पगाराचा, हिशोब सांगून बसलो, मग पुढचं सगळं बोलणं त्याच कमी आकड्यावर झालं.

तर पहिलं म्हणजे, फोन आला की लगेच बोललंच पाहिजे असं काही नाही. "मॅडम, आत्ता रस्त्यात आहे, साडेसहाला बोलू का?" म्हणा, कोणी रागवत नाही. फक्त ठेवायच्या आधी कंपनीचं नाव, पोस्ट आणि ऑफिस कुठंय ते विचारा, जेडी, म्हणजे कामाचं वर्णन, मेल करायला सांगा. चाळीस ठिकाणी अप्लाय केलेलं असतं, यातलं हे कुठलं हे आपल्याला तरी कुठं आठवतं!

आता कागद. या फोनवर तुमचं ज्ञान फारसं तपासत नाहीत, आकडे जुळतात का ते बघतात. म्हणून सॅलरी स्लिप आणि ऑफर लेटर काढून बसा आणि सध्याचा सीटीसी लिहा, त्यात फिक्स किती, व्हेरिएबल (कामगिरीप्रमाणे कमीजास्त होणारा भाग) किती ते वेगळं. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ बहुतेक धरलेला असतो, बेसिक महिना 40,000 असेल आणि पूर्ण बेसिकवर 12 टक्के कापत असतील तर तेच वर्षाचे 57,600 झाले, काही कंपन्या मात्र महिना 1,800 वरच थांबतात. ग्रॅच्युइटीही बऱ्याच ठिकाणी त्यातच घालतात. म्हणून इनहँड गुणिले बारा म्हणजे सीटीसी नव्हे. खाली अपेक्षेचा आकडा लिहा, "ॲज पर कंपनी स्टँडर्ड" असलं काही बोलू नका, त्याचा अर्थ ते स्वस्तातला लावतात. नोटीस पिरियड 90 दिवसांचा असेल तर तसंच सांगा, बायआउट होतं का, म्हणजे पैसे भरून लवकर सुटता येतं का, ते आधी आपल्या एचआर पॉलिसीत बघून ठेवा.

"टेल मी अबाउट युवरसेल्फ"ला दीड मिनिट पुरे. गाव, शाळा, छंद नको, सध्या काय काम करता आणि त्यांच्या जेडीतलं काय जमतं एवढंच, आणि हे मोबाइलवर रेकॉर्ड करून एकदा ऐका, स्वतःचं "ॲक्च्युअली" किती वेळा येतं ते कळेल. नोकरी का सोडताय याला मॅनेजरचं गाऱ्हाणं नको, कितीही खरं असलं तरी.

तुम्हीपण विचारा: आठवड्यात किती दिवस ऑफिसला यायचं, शिफ्ट कुठली, पुढे राउंड किती. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किंवा लॅपटॉपच्या नावाखाली पैसे मागितले, ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्या, पुढं बोलायचंच नाही.

फोन झाल्यावर त्याच कागदावर तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि आपण सांगितलेले आकडे लिहून ठेवा, कारण तीन आठवड्यांनी दुसराच कोणीतरी फोन करून तेच विचारतो आणि तेव्हा वेगळा आकडा तोंडातून गेला की घोळ होतो.