दुष्काळ सहन करणाऱ्या पिकांवर रिसर्च करायचाय? आधी पाणी मोजायला शिका

पीएचडीच्या ॲडमिशनचा सीझन आला की नव्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, मॅडम मला अबायोटिक स्ट्रेसमध्ये (म्हणजे दुष्काळ, क्षार, पूर असे पिकावरचे ताण) काम करायचंय, कुठली टेक्निक शिकू, क्रिस्पर (जीन एडिट करायचं तंत्र) करू का आरएनए सिक्वेन्सिंग (कुठले जीन चालू आहेत ते वाचणं) करू, कुठल्या लॅबला अप्लाय करू. प्रत्येकाला वेगळं वेगळं लिहीत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. माझं काम रब्बी ज्वारी आणि दुष्काळ यावरचं, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येणार, भातवाल्यांनी गव्हावाल्यांनी आपापलं जुळवून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे "दुष्काळ" असा एकच एक स्ट्रेस नसतोच. आपल्याकडे खरिपात बाजरी उगवून आली की मध्येच पावसाची दोन-तीन आठवडे दडी बसते आणि मग परत पाऊस येतो, हा एक दुष्काळ. सोलापूर, मंगळवेढा, नगरकडची रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात, तेव्हा जमिनीत जी ओल आहे तेवढ्यावरच ती फेब्रुवारीपर्यंत काढायची असते, वरून पाणी जवळपास नाहीच, म्हणजे पीक पोटरीत येईपर्यंत बरं चाललेलं असतं आणि नेमकं दाणे भरायच्या वेळेला खाली काही उरलेलं नसतं, हा दुसरा दुष्काळ, आणि या दोघांना लागणारे गुण वेगळे आहेत. पहिल्यात थांबून परत उठता आलं पाहिजे, दुसऱ्यात आधीपासून काटकसर पाहिजे. आता तुमच्या प्रपोजलमध्ये नुसतं "ड्रॉट टॉलरन्स" लिहिलेलं असेल तर इंटरव्ह्यूत कोणीतरी विचारणारच की कुठला, कधी येणारा, किती खोल जमिनीवरचा. याचं उत्तर तयार असलं तर निम्मं काम झालं म्हणा.

जमिनीची खोली हा मुद्दा लॅबमधून आलेल्या लोकांच्या डोक्यातच नसतो. मीटरभर खोल भारी काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असं साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी साठू शकतं, आणि तिथून अर्ध्या तासावर मुरमाड रान असतं जिथे फूटभर खणलं की खाली मुरूमच लागतो. तिथे खोल मुळांचं वाण नेऊन काय करणार, मुळं जाणार कुठे. म्हणून तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा अशा वेगवेगळ्या शिफारशी केल्यात. कुठलाही जीन शोधायच्या आधी ही साधी शिफारस वाचा, फिजिऑलॉजीची चार लेक्चरं त्यात आहेत.

आता स्टे-ग्रीनबद्दल, कारण ज्वारीत आलात की हा शब्द रोज कानावर पडणार. दाणे भरताना पाणी संपलं तरी काही झाडांची पानं हिरवी राहतात, ताट ताठ उभं राहतं, खडखड्या रोगही कमी पडतो. याचा सगळ्यात प्रसिद्ध डोनर (ज्याच्यापासून हा गुण घेतात तो) म्हणजे बी ३५, मूळ इथिओपियाच्या ज्वारीतून आलेला, आणि त्यातले स्टेजी १ ते स्टेजी ४ असे चार मुख्य क्यूटीएल (या गुणाशी जोडलेल्या डीएनएवरच्या जागा) जगभर वापरतात. सुरुवातीला सगळ्यांना वाटायचं की पान हिरवं ठेवायचीच काहीतरी खास यंत्रणा असणार. नंतर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या ग्रुपने आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने नीट मोजून बघितलं तेव्हा गोष्ट बरीचशी वेगळीच निघाली, ही झाडं फुलोऱ्याच्या आधी पानांचा पसारा लहान ठेवतात, फुटवे कमी काढतात, म्हणून आधी पाणी कमी खर्च होतं आणि तेच नंतर दाण्याला मिळतं. पगार पहिल्या आठवड्यात उडवला नाही तर महिनाअखेरीला उधारी नाही, इतकंच ते आहे. म्हणजे हिरवं पान हा परिणाम होता, कारण दोन महिने आधी घडून गेलेलं होतं. मला स्वतःला या फील्डमधली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

आणि ते उरलेलं पाणी किती महत्त्वाचं असतं तर २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात गव्हावर छापून आलेला आकडा बघा, फुलोऱ्यानंतर खालच्या थरातून घेतलेल्या प्रत्येक जादा मिलिमीटरमागे हेक्टरी जवळजवळ ५९ किलो धान्य. एका मिलिमीटरला! म्हणून म्हणते की आधी पाणी मोजायला शिका.

मोजायचं कसं तर पहिली पद्धत सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कंटाळवाणी. ऑगरने (माती काढायच्या गिरमिटाने) थराथराने माती काढायची, डबीत भरून लगेच वजन, मग ओव्हनमध्ये १०५ डिग्रीला २४ तास, परत वजन. ऐकायला सोपं वाटतं पण जानेवारीत काळी माती दगडासारखी झालेली असते, ऑगर फिरवताना खांदे भरून येतात आणि साठ सेंटीमीटरच्या खाली जायला दोन माणसं लागतात. ट्यूबमधून ओल मोजणारा प्रोब जमिनीत लावला की सुटलो असं वाटत असेल तर तेही नाही, काळी जमीन वाळली की भेगा पडतात, त्या ट्यूबच्या कडेने हवा शिरते आणि रीडिंग भलतंच यायला लागतं, त्यामुळे प्रोब असला तरी अधूनमधून ऑगर चालवावाच लागतो. इक्रिसॅटमध्ये यावर मस्त तोडगा काढलाय, दोन मीटर उंचीच्या पीव्हीसी नळ्यांमध्ये माती भरून त्यात एकेक झाड वाढवतात आणि ती अख्खी नळी उचलून ठरावीक दिवसांनी वजन करतात, म्हणजे झाडाने कुठल्या आठवड्यात किती पाणी प्यायलं ते सरळ कळतं. याला लायसीमीटर म्हणतात. कधी संधी मिळाली तर आवर्जून बघून या.

कुंडीतल्या प्रयोगांबद्दल माझं मत जरा कडक आहे. छोट्या कुंडीत रोप लावायचं, पाणी एकदम बंद करायचं, चार-पाच दिवसांत सगळं माना टाकणार, मग कोण जिवंत राहिलं ते मोजायचं आणि त्याला टॉलरंट म्हणायचं. शेतात इतक्या झपाट्याने ओल संपत नाही, आणि कुंडीत मोठं झाड लवकर सुकतं ते ते सेन्सिटिव्ह आहे म्हणून नाही तर त्याची पानं जास्त आहेत म्हणून त्याने पाणी लवकर संपवलं म्हणून. कुंडी वापरावी लागते, मीही वापरते, पण रोज वजन करून सगळ्या झाडांची माती सारख्या वेगाने वाळवा, आणि निष्कर्ष लिहिताना हात आखडता घ्या. पीईजी ६००० च्या (बियाला पाणी ओढणं अवघड करणाऱ्या रसायनाच्या) द्रावणात बी उगवून बघणं तर त्याहून मर्यादित, त्यातून उगवण कळते, दाणे भरतानाचं काही कळत नाही.

दुसरं म्हणजे प्रोलिन, ताण आला की झाडात साठणारं एक अमिनो आम्ल. आपल्याकडच्या एमएस्सीच्या थीसिसमध्ये प्रोलिन नसलं तर बहुतेक पाप लागतं. निनहायड्रिन, टोल्युइन, ५२० नॅनोमीटरला रीडिंग, सगळ्यांनी केलेलं असतं (ग्लोव्ह्ज घाला, निनहायड्रिनने बोटं जांभळी होतात आणि दिवसेंदिवस जात नाहीत, आणि टोल्युइन फ्यूम हूडच्या बाहेर उघडू नका). पण जे झाड जास्त सुकलंय त्यात प्रोलिन जास्त दिसणं हे अगदी नेहमीचं आहे, म्हणजे जास्त प्रोलिन हा सहनशीलतेचा पुरावा की त्रासाचा, हे त्याच दिवशीचं पानातलं रिलेटिव्ह वॉटर कंटेंट (आरडब्ल्यूसी, म्हणजे पूर्ण भरलेल्या पानाच्या तुलनेत त्यात किती पाणी आहे ते) सोबत असल्याशिवाय सांगताच येत नाही. ते आरडब्ल्यूसी मोजायला लागतं काय तर वजनकाटा, डिस्टिल्ड वॉटर आणि ओव्हन. स्वस्तातलं काम आहे, पण पान तोडल्यावर इकडेतिकडे न करता लगेच वजन घ्यायचं.

शेतकऱ्यांशी बोला असं सगळेच सांगतात, मी कारण सांगते. मालदांडी म्हणजे एम ३५-१, १९३० च्या दशकात मोहोळला स्थानिक ज्वारीतून निवडलेलं वाण, इतकी नवी वाणं येऊन गेली तरी लोक ते सोडत नाहीत. मी एका प्लॉटवर दाण्याचे आकडे दाखवत होते तर शेजारच्या रानातले एक आजोबा म्हणाले, "ताई, दाण्याचं सांगितलंत, कडब्याचं काय?" उन्हाळ्यात कडब्याला जो भाव येतो त्यावर जनावरं जगतात, शिवाय भाकरी पांढरी आणि गोड लागली पाहिजे, हुरडा चांगला निघाला पाहिजे. स्टे-ग्रीनसाठी पसारा लहान केला आणि त्यात कडबा घटला तर ते वाण कोण पेरणार? हा प्रश्न कुठल्याही मार्करमधून (गुण ओळखायच्या डीएनएवरच्या खुणेतून) सुटत नाही, त्यामुळे ट्रायलमध्ये कडब्याचं वजन आणि प्रत पहिल्या वर्षापासून घ्या.

जीनवाल्यांनी नाराज होऊ नका, जीनने काम होतं, पण कधी होतं ते बघा. भाताचं सब वन घ्या, पुरात बुडूनही झाड टिकवणारा जीन. ओडिशाचं एफआर १३ ए हे जुनं वाण पुराखाली बुडून टिकतं हे आधीपासून माहीत होतं, त्यातली जागा १९९६ ला नकाशावर आली, जीन २००६ ला कळला, आणि स्वर्णा सब वन २००९ मध्ये भारतात रिलीज झालं. झाड पाण्याखाली वाढायची धडपड थांबवतं, साखर वाचवतं आणि साधारण दोन आठवडे बुडून राहिलं तरी परत उठतं. इथे स्ट्रेस एकदम ठरलेला होता आणि एकाच जागेचा परिणाम मोठा होता. दुष्काळात असं भाग्य क्वचितच. तरी २०२५ च्या मे महिन्यात पुसा डीएसटी राईस १ हा जीनोम एडिटेड भात जाहीर झाला, एमटीयू १०१० या लोकप्रिय वाणात डीएसटी जीन एडिट केलाय, दुष्काळ आणि क्षारासाठी. म्हणजे क्रिस्पर शिकाच, नोकऱ्या आहेत, फक्त एडिट केलेलं झाड शेतात तपासणारा माणूसही लागतो आणि असे लोक फार कमी आहेत. जालना आणि हैदराबादकडच्या सीड कंपन्यांना फील्ड ट्रायल नीट लावता येणारी, आर या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये डेटा स्वतः ॲनालाइज करणारी माणसं सतत हवी असतात.

रस्ता कुठून? बीएस्सी ॲग्री केलं असेल तर आयसीएआरची पीजीची परीक्षा देऊन प्लांट फिजिऑलॉजी किंवा ब्रीडिंग घ्या, बॉटनी-बायोटेकवाल्यांना सीएसआयआर नेट नाहीतर डीबीटीची जेआरएफ (रिसर्चसाठीची फेलोशिप). सीएसआयआरच्या जेआरएफला २०२३ पासून महिना ३७ हजार आहेत, घरभाडं वेगळं, पण पैसे वेळेवर येतीलच असं नाही, तीन-चार महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा. लॅब निवडताना गाईडचे पेपर मोजण्यापेक्षा त्यांच्या जुन्या स्टुडंटला फोन करून विचारा की प्लॉट कोणाच्या ताब्यात असतो, मजुरीचे पैसे कुठून येतात, आणि सर किंवा मॅडम शेवटचं शेतात कधी आले होते. बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आहे, सोलापूरला रब्बी ज्वारीचं केंद्र आहे, चार कृषी विद्यापीठं आहेतच. मुलींनी एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी, फार्मवर टॉयलेट आहे का आणि संध्याकाळी उशीर झाला तर परत यायला गाडी आहे का, लाजू नका, हे कुठल्याच प्रॉस्पेक्टसमध्ये छापलेलं नसतं.

ज्वारीचं काम प्रत्यक्ष बघायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत या, तेव्हा फुलोरा ते दाणे भरणं सगळं एकाच शेतात वेगवेगळ्या प्लॉटवर दिसतं. स्वतःचा प्रयोग करायचा असेल तर मात्र जूनमध्येच मेल टाका, बी जमवायला, प्लॉट आखायला, पेरणीआधीची ओल मोजायला तेवढा वेळ लागतोच, सप्टेंबरमध्ये मेल आला तर तोवर जागा वाटून झालेली असते.